शेळगाव बंद आहे

जालिंदरतात्या केस कापायला बसले की आधी न्हाव्याच्या हातात मोबाईल देतात आणि स्वतःच्या डोक्याचे फोटो काढायला लावतात. समोरून एक, मागून एक. आमच्या दूध संघाच्या फाटकासमोरच ते दुकान आहे, त्यामुळं हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगते. पहिल्या वेळी न्हावी चक्रावला. फोटो कशापायी म्हणून त्यानं विचारलं, तर तात्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "माघारी येता आलं पाहिजे." न्हावी म्हणाला, तात्या, हितनं माघारी यायला महिना लागतोय, आणि मागल्या टकलाची तर मी हमीच घेत न्हाय. तात्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि कात्री चालवायला सांगितलं.

तात्यांचं सगळंच असलं. टेबल पुसायच्या आधी टेबलाचा फोटो. मोटारसायकल गॅरेजला लावायच्या आधी मोटारसायकलचा फोटो. त्यांच्या गावच्या, शेळगावच्या घराला रंग द्यायचा ठरला, तेव्हा पोपडे आलेल्या जुन्या भिंतींचे इतके फोटो काढले की रंगारी म्हणे, मालकांना भिंती विकायच्या आहेत का काय. एकदा मी दुपारी भरल्या वांग्याचा डबा उघडून घ्या म्हटलं, तर आधी डब्याचा फोटो. मी म्हटलं, तात्या, वांगं पोटात गेल्यावर माघारी कुठं येणार तुम्ही? तर म्हणाले, "सवय हाय, बाई," आणि दोन वांगी उचलली. सवयीचा आणि भुकेचा काही संबंध नव्हता.

आता हे तात्या कोण, ते सांगते. बारामतीतल्या आमच्या दूध संघात मी हिशेब विभागात बसते. गवळ्यांची, शेतकऱ्यांची दुधाची बिलं काढायची हे माझं काम. तात्या संगणक खोलीचे प्रमुख. प्रमुख म्हणजे खोलीत ते एकटेच. ती खोली सबंध इमारतीत सगळ्यात गार, त्यामुळं एप्रिल-मे महिन्यात निम्म्या स्टाफचं तात्यांकडं काहीतरी तातडीचं काम निघतं. चपला बाहेर काढून आत जायचं. आत लोखंडी कपाट, कपाटात एक मोठा सर्व्हर, आणि त्या सर्व्हरच्या पोटात सात मशीन. ती सात मशीन दिसत नाहीत. त्यांना हात लावता येत नाही. पण ती आहेत, आणि सगळा संघ त्यांच्यावर चालतो. एकावर माझी बिलं, एकावर हजेरी, एकावर दुधाची फॅट, असं.

हे माझ्या डोक्यात शिरायला दोन उन्हाळे गेले. नसलेलं मशीन बंद कसं पडतं, असं मी विचारायची आणि तात्या कपाळाला हात लावायचे. शेवटी त्यांनी मला पाटाचं पाणी सांगितलं. तात्यांचे वडील कालव्यावर पाटकरी होते, पाटाचं पाणी चाऱ्यांत, म्हणजे रानाकडं जाणाऱ्या लहान फाट्यांत, सोडायचं आणि वाटून द्यायचं काम. "पाट एक, चाऱ्या सात," तात्या म्हणाले. "हरेक चारीला वाटतंय, समदा पाट आपलाच. तसं वाटू द्यायचं. पाणी एकच हाय ह्ये ज्येला कळतंय, त्येनं गप बसायचं." मग मला समजलं. तात्या आजही पाटकरीच आहेत, फक्त दारं धरायला फावडं लागत नाही.

मशीनना त्यांनी नावंही गावांची दिलेली. माझं बिलांचं मशीन कळंब. हजेरीचं लोणी भापकर. त्यामुळं बाहेरच्या माणसाला त्या खोलीतलं बोलणं ऐकून घाम फुटावा. कळंब सकाळपासून तापलंय. लोणी भापकर झोपलंय, उठवतो. एकदा कळंबची दोन माणसं कागद द्यायला आली होती, आणि आतून तात्यांचा आवाज आला, कळंब लई खातंय, आज सांजच्याला बंदच करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप भरून माणसं हजर, आमचं दूध संकलन केंद्र का बंद करताय म्हणून. तात्यांनी सगळ्यांना चपला काढायला लावून आत नेलं आणि स्क्रीनवर कळंब दाखवलं. एक म्हातारबुवा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, एवढुसं हाय व्हय आमचं गाव. मग चहा झाला.

माझं आणि तात्यांचं वाजायचं ते पाण्याच्या पाळीवरून. दर दहा दिवसांनी बिलं निघतात, आणि तेव्हा माझ्या कळंबला मेमरी जास्त लागते. मी जाऊन सांगायची, तात्या, माझ्याकडं जरा जास्त सोडा. पण तात्यांचा नियम बापाचा. पाणी आधी टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला, आणि मग वर वर येत तोंडाशी. तोंडाशी असलेल्याला काय, तो कसाही ओढून घेतो. शेवटच्याचं रान सुकलं तर पाटकऱ्याची अब्रू जाते. ऐकायला फार छान. पण त्या सर्व्हरचं टेल होतं शेळगाव नावाचं मशीन, आणि त्या शेळगाववर काय चालतं हे संघात कुणालाच माहीत नव्हतं. बिल नाही, हजेरी नाही, काही नाही. स्क्रीनवर बाकीच्या सहा मशीनच्या, किती काम चाललंय ते दाखवणाऱ्या हिरव्या रेघा नाचत असायच्या आणि शेळगावची रेघ जमिनीला चिकटून पडलेली. तरी पहिलं पाणी त्याला. मी चिडून म्हणायची, तात्या, तुमच्या गावचं नाव दिलंय म्हणून लाड चाललेत का? ते म्हणायचे, "चाचणीचं हाय ते." कसली चाचणी, ते मात्र सांगायचे नाहीत.

खरं म्हणजे बिनमालकाची मशीन शोधायची तात्यांची स्वतःची एक पद्धत होती. एखाद्या मशीनचा धनी सापडेना की ते सरळ बंद करायचं आणि वाट बघत बसायचं. "वरड येती का बगायची," ते म्हणायचे. ओरड आली तर ज्याची ओरड त्याचं मशीन. नाही आली तर दोन दिवसांनी पुसून टाकायचं. पाटावरही म्हणे असंच करतात, चारीचं दार लावलं की भिजवणारा आपोआप पळत येतो. ही पद्धत एकदाच फसली. तेव्हा तात्या खोलीत नवे होते. लोणी भापकरवर काय आहे याचा कुठं कागद सापडेना म्हणून तात्यांनी ते बंद केलं. दोन दिवस झाले, तीन झाले, कुणी हूं की चूं नाही, तेव्हा तात्यांनी ते पुसून टाकलं. ते हजेरीचं मशीन होतं. उशिरा येणाऱ्यांची नावंच लागेनात, मग ओरड कोण करणार? सगळा स्टाफ इतक्या गोडीनं वागत होता की चेअरमनना संशय आला आणि चौथ्या दिवशी बिंग फुटलं. तात्यांनी आधी फोटो काढून ठेवला होता म्हणून निभावलं.

हा फोटो मोबाईलचा नव्हे. मशीनचाही फोटो निघतो. मशीन आत्ता या क्षणाला जसं आहे तसंच्या तसं धरून ठेवायचं, मग वाटेल ती उलथापालथ करायची, आणि बिघडलंच तर त्या क्षणाला परत जायचं. तात्या यात इतके पक्के की मशीनला नुसतं हात लावायचा तरी आधी फोटो. मला आपलं वाटायचं, धंद्यातली खोड अंगाला चिकटली आणि न्हाव्यापर्यंत गेली. कंडक्टरला घरीही बेल मारावीशी वाटत असेल, तसं काहीतरी.

एका रविवारी बिलं तुंबली म्हणून मी सुट्टीच्या दिवशी सकाळी ऑफिसला गेले. वॉचमन म्हणाला, तात्या आलेत की, ते दर रविवारी असतात. मी मनात म्हटलं, धन्य. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी एकटेच. शेजारी भावाचं घर आहे, तिथून जेवणाचं ताट येतं. माणसानं रविवारी निदान भावाच्या नातवंडांत बसावं. तर हे थर्मासात चहा घेऊन संगणक खोलीत स्क्रीनपुढं बसलेले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नजर शेळगावच्या रेघेवर. मी काही बोलणार तेवढ्यात ती मेलेली रेघ उठली. छोटासा उंचवटा आला, थोडा वेळ राहिला आणि परत सपाट झाला. तात्यांनी तेव्हा कुठं थर्मास उघडला आणि मलाही अर्धा कप दिला. मी विचारलं, काय झालं हे? ते म्हणाले, "काय न्हाय. जाग आली त्येला." सुट्टीचा दिवस, बिलं तुंबलेली, मी जास्त खोलात गेले नाही.

पुढं पुण्याहून आमच्याकडं नवे साहेब आले. माणूस चांगला, बोलायला मऊ, पण कामाचा धडाका. त्यांनी नवा सर्व्हर मागवला आणि सांगितलं की जुन्यावरची मशीन नव्यावर हलवायची, मात्र ज्याला मालक असेल तीच. मालक नसलेलं मशीन नव्या सर्व्हरवर चढणार नाही, पुसायचं. सहा मशीनचे मालक उभे राहिले. कळंबसाठी मी हात वर केला. शेळगावचं कोण, असं साहेबांनी तीनदा विचारलं. तात्या पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते. मला वाटलं, आता तरी हे तोंड उघडतील, पण नाही. साहेब म्हणाले, मग पुसा. तात्या म्हणाले, शनिवारी बंद करतो, दोन दिवस बंद ऱ्हाऊ द्या, वरड न्हाय आली तर सोमवारी पुसतो. साहेबांना पद्धत आवडली. त्यांनी इंग्रजीत काहीतरी कौतुकही केलं.

शनिवारी मशीन हलली. शेळगाव बंद झालं. जाताना तात्या माझ्या टेबलापाशी थांबले, आणि मेमरीवरून एवढी वर्षं माझ्याशी भांडलेला माणूस म्हणाला, बाई, आता तुमच्या कळंबला भरपूर पाणी हाय. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून वाटलं नाही. तब्येत बरी नाही का, असं विचारलं, तर गुडघ्यावर ढकलून गेले.

सोमवारी मी येऊन बसते न बसते तोच टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून पुरुषाचा आवाज. म्हणाला, शेळगाव बंद आहे का? आता सोमवारी सकाळी मला असले फोन आले की माझं डोकं सटकतं. मी म्हटलं, अहो, संकलन केंद्र बंद असेल तर केंद्रावर जाऊन विचारा, हिशेब विभागाला काय विचारता? मग तो म्हणाला, "केंद्र नाही, काकू. मशीन."

त्या मशीनचं नाव संघाबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. आणि मला फोनवर काकू म्हणणारंही कुणी नव्हतं. मी विचारलं, कोण बोलतंय?

"आबा बरे आहेत ना, काकू?"

तेव्हा आवाज ओळखला. अविनाश. तात्यांचा एकुलता एक मुलगा, त्यांना आबा म्हणायचा. कॉलेजला असताना सुट्टीत बापाजवळ संगणक खोलीत येऊन बसायचा, काहीतरी शिकत असायचा आणि माझ्या डब्यातलं थालीपीठ न विचारता खायचा. पुढं बंगळूरला नोकरीला गेला. तात्यांना त्याच्याबद्दल विचारलं की एकच उत्तर, बरं हाय. कधी आला, कधी गेला, काही नाही. आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं.

अवी भराभरा बोलत होता. शेळगाव हे त्याचं शिकायचं मशीन. कॉलेजात असताना बापानं त्याला करून दिलेलं. त्यावर त्यानं गावच्या चारीला पाण्याची पाळी कधी येईल, ते सांगणारं काहीतरी बनवलं होतं. ते आता कुणी वापरत नाही, पण पासवर्ड तोच होता, म्हणून तो दर रविवारी सकाळी दोन मिनिटं आत यायचा. करायचं काही नसायचं. काल दार उघडलं नाही. दिवसभर प्रयत्न केला. आबांच्या मोबाईलचा नंबर चारदा काढला आणि चारदा ठेवून दिला. "ते चालू आहे म्हणजे आबा खुर्चीत आहेत, असं मी धरून चाललो होतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, फोन ठेवशील तर बघ. रिसीव्हर टेबलावर आडवा टाकला आणि निघाले. वय झालंय माझं, पण व्हरांड्यात पळाले, खोटं कशाला सांगू. चपला न काढता आत शिरले. साहेब खुर्चीमागं उभे होते. स्क्रीनवर मशीननं विचारलं होतं, शेळगाव कायमचं पुसायचं, नक्की का? आणि आमचे तात्या मोबाईल काढून त्या प्रश्नाचा फोटो घेत होते.

"तात्या, ओरड आली," मी म्हटलं.

तात्यांनी आधी माझ्या चपलांकडं बघितलं, मग माझ्याकडं. कुणाची, असं त्यांनी विचारलंच नाही. गुडघा धरून उठले आणि माझ्या आधी व्हरांड्यात पोचले. टेबलापाशी येऊन रिसीव्हरसमोर उभे राहिले. सवयीनं हात मोबाईलकडं गेला. मोबाईल बाहेर निघाला, टेलिफोनवर धरला गेला. मग त्यांनी तो परत खिशात ठेवला, फोटो न काढता, आणि रिसीव्हर कानाला लावला.

"हां, बोल," तात्या म्हणाले. मग बराच वेळ नुसतं ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, म्याच बंद केलं हुतं, पुसलं न्हाय. एकदा म्हणाले, मला काय धाड भरलीय, गुडघा तेवढा दुखतोय. शेवटी भिंतीकडं तोंड फिरवून म्हणाले, "त्ये बोललेलं मनावर घिऊ नगंस. दार उघडंच हाय. कवाबी ये."

फोन ठेवल्यावर ते माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी पिऊन त्यांनी आपण होऊन सांगितलं. बायको गेल्यावर मुलगा डोळ्यांसमोर राहावा म्हणून त्यांनी चेअरमनच्या हातापाया पडून त्याला इथंच नोकरी ठरवली होती. संगणक खोलीत, त्यांच्याच खुर्चीत. अवी नको म्हणाला, बंगळूरला जातो म्हणाला. तेव्हा रागाच्या भरात हे बोलून गेले की जातुयास तर माघारी येऊ नगंस. पोरगं बापासारखंच शब्दाला पक्कं. आलं नाही. "जल्मात एकदाच फोटू काढायच्या आधी हात लावला, बाई," तात्या म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. न्हाव्याकडचे, भिंतींचे आणि वांग्यांचे फोटो तेव्हा कुठं मला कळले, आणि इतकी वर्षं आपण यावर हसत आलो याचं वाईट वाटलं.

साहेब आमच्या मागून आले होते आणि अवघडून दारात उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, मग मालक सापडला का? मी डोळे पुसून म्हटलं, सापडला, ते मशीन नव्यावर चढवायचं. कुठल्या विभागाचं म्हणून लिहू, असं ते म्हणाले. माझ्या नावावर लिहा, मी सांगितलं. बाहेरचा माणूस संघाच्या मशीनमध्ये येतो हे नियमात बसतं का, ते मी साहेबांना विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

शेळगाव नव्या सर्व्हरवर चढलं, आणि पुन्हा पहिलं पाणी त्याला मिळू लागलं. माझं कळंब परत तहानलेलं, आणि आमची भांडणं परत चालू. पुढच्या सोमवारी मी अशीच भांडायला संगणक खोलीत गेले. फाटकावर वॉचमननं सांगितलं होतं की काल रविवार असून तात्या फिरकले नाहीत, पहिल्यांदाच. आत तात्या स्क्रीनपुढं बसले होते. केस कापलेले, दाढी गुळगुळीत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि शेळगावची मागच्या दिवसाची रेघ दाखवली. सकाळपासून सांजेपर्यंत सपाट, कुठं एक उंचवटा नाही.

"बगा," तात्या म्हणाले, "काल हितं कुणीच आलं न्हाय." आणि त्या सपाट रेघेकडं बघत माणूस हसत होता. मग टेबलाखालून पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली. आत थालीपिठाची भाजणी होती, भावजयीकडून आणलेली. म्हणाले, पोरगं गुरुवारपातूर हाय घरी, तुमच्या हातची मागतंय.